पेढीवरील वही आणि विद्यापीठातील वर्ग

आपल्या समाजात विद्यादानाची परंपरा फार जुनी आहे. पाठशाळा, वसतिगृहे, ग्रंथभांडारे आणि गरजू विद्यार्थ्यांना शिष्यवृत्त्या यांसाठी आपल्या पूर्वजांनी सढळ हाताने द्रव्य दिले. गावोगावच्या संगमरवरी फलकांवर त्यांची नावे आजही वाचावयास मिळतात. तथापि ज्या व्यापारातून हे द्रव्य आले, तो व्यापार हाच विद्यापीठात अध्ययनाचा व संशोधनाचा विषय झाला आहे, याकडे आपले लक्ष जावे तितके गेलेले नाही. या विद्येस आपल्याकडून देणगीहून निराळी अशी एक गोष्ट हवी आहे. ती कोणती, याविषयी यंदाच्या स्मरणिकेत चार शब्द लिहावेत असे आम्ही योजिले आहे.

आम्ही मॅट्रिकपर्यंत शिकलेले धान्याचे घाऊक व्यापारी. दुधनी म्हटले की पुष्कळांच्या डोळ्यांपुढे सोलापूरकडील अक्कलकोट तालुक्यातील तुरीची मोठी पेठ येते. आमची दुधनी ती नव्हे. सिल्वासाच्या पुढे, दमणगंगेवरील मधुबन जलाशयाच्या काठी वसलेले हे लहानसे गाव. भात, नागली, वरई, उडीद हा येथील माल, आणि वारली व कोकणा शेतकरी हे आमचे जुने घरोब्याचे लोक. अशा ठिकाणी बसून विद्यापीठाच्या गोष्टी सांगणे काहींना विनोदाचे वाटेल. परंतु ज्या विद्येविषयी आम्ही लिहीत आहोत, तिला मुंबईच्या मोठ्या कचेऱ्यांइतकेच आमच्यासारख्या आडबाजूच्या वखारींचेही अगत्य आहे, असा आमचा अनुभव आहे.

विद्यापीठात व्यापार शिकवावा ही कल्पना मुळात एका व्यावसायिकाचीच. जोसेफ व्हार्टन या अमेरिकन कारखानदाराच्या देणगीतून १८८१ साली पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात अशी पहिली शाळा निघाली. हार्वर्ड विद्यापीठाची शाळा १९०८ सालची. आपल्याकडे १९१३ साली मुंबईत सिडनहॅम कॉलेज स्थापन झाले. आशियातील पहिले वाणिज्य महाविद्यालय अशी त्याची ख्याती आहे. १९१८ ते १९२० या काळात तेथे अर्थशास्त्राचे अध्यापन करणाऱ्या प्राध्यापकांत डॉ. बाबासाहेब आंबेडकर हे होते, ही गोष्ट आपल्या नव्या पिढीस ठाऊक असावी. मात्र त्या काळच्या वाणिज्य शिक्षणात हिशेब, बँका, कायदा आणि अर्थशास्त्र यांवर भर असे. प्रत्यक्ष धंदा चालविताना निर्णय कसा घ्यावा, माणसे कशी सांभाळावीत, माल केव्हा घ्यावा व केव्हा सोडावा, हे पेढीवरच शिकावयाचे असते अशी सर्वांची समजूत होती.

या समजुतीस धक्का बसला तो १९६० नंतर. १९६१ साली अहमदाबाद व कलकत्ता येथे व्यवस्थापनशास्त्राच्या दोन राष्ट्रीय संस्था निघाल्या. अहमदाबादच्या संस्थेस हार्वर्डचे साहाय्य लाभले आणि तिच्या उभारणीत डॉ. विक्रम साराभाई व शेठ कस्तूरभाई लालभाई या दोघांचा मोठा वाटा होता. दोघेही आपल्याच समाजातील घराण्यांत जन्मलेले, हे आम्ही अभिमानाने नमूद करतो. पुढे १९६५ साली मुंबई विद्यापीठाने अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या व्यापारशाळेच्या सहकार्याने आपली स्वतःची संस्था काढली आणि तिला जमनालाल बजाज यांचे नाव दिले. चर्चगेटजवळ बॅकबे रेक्लमेशनवर ती उभी आहे. वर्ध्याचे हे कापसाचे व्यापारी १९४२ साली निवर्तले. आपली संपत्ती ही समाजाची ठेव आहे असे मानून ते वागले, आणि गांधीजींनी त्यांना आपला पाचवा पुत्र मानले. अशा पेढीवाल्याचे नाव विद्यापीठाच्या संस्थेस मिळावे, यात औचित्य आहे.

या संस्थेची एक गोष्ट आम्हांस विशेष आवडते. दिवसा दोन वर्षांचा पूर्ण वेळेचा अभ्यासक्रम चाले, त्याचबरोबर संध्याकाळी नोकरी-धंदा करणाऱ्यांसाठीही वर्ग भरत. आणि शिकविण्यास केवळ प्राध्यापक नव्हे, तर मुंबईतील कंपन्यांत व बँकांत प्रत्यक्ष काम करणारे लोकही येत. दिवसभर माल विकून आलेला मनुष्य संध्याकाळी फळ्यापुढे उभा राहतो आणि बाकावर बसलेलाही दिवसभर माल विकूनच आलेला असतो, ही व्यवस्था पेढीच्या शिक्षणाहून फारशी दूर नाही.

आता शिकविण्याच्या पद्धतीविषयी. हार्वर्डने रूढ केलेल्या पद्धतीस ‘केस’ची पद्धत म्हणतात. (येथे केस म्हणजे कोर्टातील खटला नव्हे; आमच्या एका स्नेह्यांनी मुलगा ‘केस’ लिहितो आहे असे ऐकून वकिलाची चौकशी आरंभिली होती!) एखाद्या खऱ्या पेढीपुढे अथवा कारखान्यापुढे उभा राहिलेला पेच, त्या वेळचे आकडे, पत्रव्यवहार, बाजाराची स्थिती, हे सर्व दहा-वीस पानांत मांडतात आणि उत्तर मात्र सांगत नाहीत. विद्यार्थ्यांनी ते प्रकरण रात्री वाचून यावयाचे आणि सकाळी वर्गात भांडावयाचे, की या मालकाच्या जागी आपण असतो तर काय केले असते. प्राध्यापक केवळ प्रश्न विचारतो.

वस्तुतः आपल्या परंपरेत असे लेखन अगदीच अपरिचित नाही. जौनपूर येथे १५८६ साली जन्मलेले आणि पुढे आग्र्यास स्थायिक झालेले कविवर बनारसीदास हे जैन व्यापारी. मनुष्याचे पूर्ण आयुष्य एकशेदहा वर्षांचे मानून पंचावन्नाव्या वर्षी त्यांनी आपली अर्धी कथा लिहिली, म्हणून तिचे नाव ‘अर्धकथानक’, साल १६४१. त्यात पराक्रमाच्या बढाया नाहीत. जवाहिराच्या व्यापारात बसलेली खोट, निष्काळजीपणाने हरवलेली रत्ने, हाती काही न उरल्यामुळे कचोरीवाल्याकडे महिनेच्या महिने उधारीवर जेवण, हे सर्व त्यांनी संकोच न करता मांडले आहे. एखाद्या व्यापाऱ्याने स्वतःच्या नुकसानीचा इतका उघड हिशेब लिहून ठेवावा, आणि तोही शहाजहानच्या राज्यात, हे आश्चर्यकारक आहे. आजच्या वर्गात ते पुस्तक प्रकरण म्हणून वाचावयास दिले, तर त्यात शिकण्यासारखे पुष्कळ सापडेल.

आमच्या धंद्यातील एक प्रकरण आम्हीच सुचवितो. २०१५ सालच्या ऑक्टोबरात तूरडाळीचा किरकोळ भाव किलोस दोनशे रुपयांच्या घरात गेला. साठामर्यादा लागू झाल्या, ठिकठिकाणी छापे पडले आणि वर्तमानपत्रांत व्यापाऱ्याचे चित्र काळ्या रंगात रंगविले गेले. भावाच्या आशेने शेतकऱ्यांनी पुढील हंगामी भरपूर तूर पेरली, पाऊसही बरा झाला. आणि २०१७ च्या आरंभी पीक इतके आले की बोनस धरून क्विंटलला ५०५० रुपयांचा हमीभाव जाहीर असताना बाजारात भाव त्याच्या पुष्कळ खाली उतरले. महाराष्ट्रात खरेदीकेंद्रांपुढे तुरीच्या गाड्यांच्या रांगा लागल्या. आता २०१६ सालच्या श्रावणात उभ्या असलेल्या एका घाऊक व्यापाऱ्याची कल्पना करावी. वखारीत महाग भावाने घेतलेला माल आहे, बँकेचे व्याज चालू आहे, पेरा किती वाढला त्याच्या बातम्या येत आहेत, परदेशांतून माल निघाल्याचे कानी आहे आणि साठ्याची मर्यादा डोक्यावर आहे. माल आज तोट्यात सोडावा, की दिवाळीपर्यंत थांबावे? आमच्या पिढीने अशा प्रसंगी वडिलांकडे पाहिले, दलालास विचारले आणि देवाचे नाव घेऊन निर्णय केला. पन्नास तरुण मुलामुलींनी हेच आकडे पुढे ठेवून दोन तास वाद घातला, तर निर्णय बिनचूक होईल असे आम्ही म्हणत नाही. पण कोणत्या बातमीस किती वजन द्यावे याचा सराव कर्ज अंगावर न घेता होईल. पेढीवर असा सराव करावयाचा तर प्रत्येक धड्याची फी लाखात पडते.

मुंबईच्या डबेवाल्यांचे उदाहरण तर सर्वश्रुत आहे. मावळ, खेड, जुन्नर भागातून आलेल्या, बहुतेक अल्पशिक्षित अशा या मंडळींच्या कामावर हार्वर्डच्या प्राध्यापकाने २०१० साली प्रकरण लिहिले आणि ते तेथील वर्गात शिकविले गेले. डब्यावरील खुणांची लिपी जर हार्वर्डपर्यंत पोचू शकते, तर पोत्यावरील खुणांनी काय पाप केले आहे?

अध्यापनापेक्षाही आम्हांस संशोधनाचे महत्त्व अधिक वाटते, आणि त्याचे कारण सांगण्यासाठी थोडे मागे जावे लागेल. १९७३ साली केंद्र सरकारने गव्हाचा घाऊक व्यापार आपल्या हाती घेतला. घाऊक व्यापारी साठेबाजी करून भाव चढवितो, तेव्हा त्यास मधून काढले की शेतकऱ्यास अधिक व ग्राहकास स्वस्त मिळेल, असा त्यामागील विचार होता. आम्ही तेव्हा शाळेत होतो. वडीलधारी मंडळी रात्री ओट्यावर बसून हलक्या आवाजात बोलत, एवढे स्मरते. सरकारी खरेदी उद्दिष्टाच्या कितीतरी मागे राहिली, भाव चढले, तांदळाचा व्यापार हाती घेण्याचा बेत सोडून द्यावा लागला आणि १९७४ साली गव्हाचे धोरणही मागे घेण्यात आले.

या घटनेच्या दोनच वर्षे आधी, १९७१ साली, डॉ. उमा लेले या आपल्या महाराष्ट्रीय विदुषीचा भारतातील धान्यबाजारावरील इंग्रजी ग्रंथ कॉर्नेल विद्यापीठाने प्रसिद्ध केला होता. पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात शिकून त्या अमेरिकेत कॉर्नेल येथे गेल्या व तेथे डॉक्टरेट झाल्या. त्यापूर्वी १९६७ साली पश्चिम भारतातील ज्वारीच्या भावांवर त्यांचा निबंध आला होता. निरनिराळ्या पेठांतील भाव एकमेकांच्या मागोमाग चढतात-उतरतात की नाही, आणि दोन पेठांमधील भावाचा फरक वाहतुकीच्या खर्चाहून फार मोठा असतो काय, हे त्यांनी आकडे लावून तपासले. घाऊक धान्यव्यापारात स्पर्धा बऱ्यापैकी आहे, पेठा एकमेकींशी बांधलेल्या आहेत, आणि अडचणी असतील तर त्या पुष्कळशा वाहतूक, साठवण, प्रतवारी व कर्जपुरवठा यांत आहेत, असा त्यांच्या अभ्यासाचा रोख होता. आपल्या बाजूने कोणा पुढाऱ्याने भाषण केले नव्हते. एका विदुषीने पेठांतील भाव जुळवून पाहिले होते. तो ग्रंथ त्या वेळी किती व्यापाऱ्यांनी पाहिला असेल? आमच्या माहितीच्या वर्तुळात तरी कोणीही नाही. निषेधाचे ठराव झाले, शिष्टमंडळे गेली, पण ज्याच्या आधारे बोलावयाचे ते पुस्तक कोणाच्या हाती नव्हते.

येथे कोणी असे समजू नये की संशोधन हा आपला वकील आहे. ते दोन्ही बाजूंनी कापते. २००० सालापासून आयटीसी कंपनीने मध्य प्रदेशात खेड्यांतून संगणक बसविले व शेतकऱ्यांस सोयाबीनचे भाव घरबसल्या कळू लागले. ‘ई-चौपाल’ या नावाने ती योजना प्रसिद्ध आहे. अपराजिता गोयल या अर्थशास्त्रज्ञ बाईंनी त्याचा अभ्यास करून २०१० साली दाखविले की, ज्या जिल्ह्यांत ही केंद्रे निघाली तेथे मंडईतील सोयाबीनचा भाव सरासरी शेकडा एक ते तीन इतका वाढला. म्हणजे भाव न कळण्यामुळे शेतकरी तितके गमावीत होता. हे वाचून आपल्यापैकी काहींच्या कपाळास आठ्या पडतील. आमच्या मते ही आठी अनाठायी आहे. एका बाजूस वाटतो तितका आपला नफा अवास्तव नाही असे सांगणारा अभ्यास मान्य करावयाचा, आणि दुसऱ्या बाजूस जेथे शेकडा दोन अधिक निघत होते ते दाखविणारा अभ्यास फेकून द्यावयाचा, हे तराजूस शोभत नाही.

संशोधन म्हणजे केवळ जाडजूड ग्रंथ नव्हेत. काही वर्षांपूर्वी मुंबईच्या एका व्यवस्थापन संस्थेतील विद्यार्थिनी उन्हाळ्याच्या सुटीत दोन महिने आमच्या वखारीत काम शिकण्यास येऊन राहिली होती. पहिल्या आठवड्यातच तिने विचारले, “काका, साठवणीत घट शेकडा किती धरता, आणि ती कशावरून?” आम्ही म्हणालो, “वडील धरीत तितकी.” तिने आमच्या वह्या मागितल्या. मुनीमजींनी चष्म्यावरून आमच्याकडे पाहिले. आम्ही मान हलविली. दहा वर्षांच्या आवक-जावकेच्या नोंदी काढून तिने महिन्यामहिन्याची घट लावली. कापणीनंतर ओला आलेला भात व नागली पहिल्या दोन-अडीच महिन्यांत वजनाने सर्वाधिक उतरतात, पुढे घट फार थोडी राहते आणि पावसाळ्यात दमट हवेने पोते उलट किंचित जड होते, असे तिच्या कागदावर निघाले. हे आम्हांस ठाऊक नव्हते काय? ठाऊक होते; प्रत्येक जुन्या हमालास ठाऊक असते. पण कोणत्या महिन्यात किती, हे कधी कागदावर आले नव्हते; वर्षास एकच आकडा लावला जात असे. आता मार्गशीर्षात माल घेताना ओलावा यंत्राने मोजतो आणि घटीचा आकडा महिन्याप्रमाणे धरतो. शेतकऱ्याशी घासाघीस कमी झाली, कारण यंत्राचा काटा तोही पाहतो. जाताना तिने मुनीमजींस वाकून नमस्कार केला, आणि पुढे त्यांच्याच हस्ताक्षरातील खतावणीचे एक पान तिच्या प्रबंधात चित्र म्हणून छापले गेले. मुनीमजींनी ते देवघरात लावले आहे!

विद्यापीठाशी सहकार्य म्हणजे हेच. स्टॅनफर्ड व मुंबई यांचे सहकार्य झाले ते दोन विद्यापीठांचे होते. विद्यापीठ व बाजार यांचे सहकार्य अद्याप पुष्कळ व्हावयाचे आहे. पुण्याच्या गोखले संस्थेने हा मार्ग फार पूर्वी दाखविला. प्रा. धनंजयराव गाडगीळ यांनी तेथून १९३३ साली पुण्यातील फळांच्या बाजाराची पाहणी प्रसिद्ध केली. बागाईतदारापासून ग्राहकापर्यंत फळ कसे येते व वाटेत कोणास काय मिळते याची ती चौकशी होती. पुढे १९५९ साली त्यांनी भारतातील आधुनिक व्यापारी वर्गाच्या उगमावर पुस्तक लिहिले आणि त्यास नम्रपणे ‘अंतरिम अहवाल’ म्हटले. अंतिम अहवाल लिहावयाचा तर त्यास साधन काय? साधन पेढ्यांच्या वह्यांत. थॉमस टिंबर्ग या अमेरिकन अभ्यासकाने १९७८ साली मारवाडी व्यापाऱ्यांवर ग्रंथ लिहिला, त्यात ताराचंद घनश्यामदास या जुन्या पेढीचा विशेष विचार आहे. अहमदाबादच्या संस्थेत शेठ कस्तूरभाईंच्या नावाने व्यापारी इतिहासाचे अध्यासन निघाले, त्यावरील प्रा. द्विजेंद्र त्रिपाठी यांनी १९८१ साली कस्तूरभाईंच्या उद्योगजीवनावर पुस्तक लिहिले. आणंदजी कल्याणजी पेढीचे दीर्घकाळ प्रमुख म्हणून आपण ज्यांना ओळखतो, त्यांच्या व्यवहारबुद्धीचे विश्लेषण त्यात वाचावयास मिळते. ज्यांची कागदपत्रे राहिली व ज्यांनी ती दाखविली त्यांचा इतिहास लिहिला गेला. इतरांविषयी ज्याला जे वाटेल ते तो बोलतो, आणि बहुधा ते चांगले नसते.

आपल्याकडे वह्यांचे काय होते ते सांगताना वाईट वाटते. दिवाळीस वहीपूजन करून, कुंकवाचे बोट लावून, पहिल्या पानावर लाभ-शुभ लिहून जी वही आपण उघडतो, तीच काही वर्षांनी वाळवीच्या स्वाधीन होते किंवा रद्दीवाला वजनावर नेतो. नवी पिढी हिशेब संगणकावर ठेवते, तेव्हा मोडीतील अथवा जुन्या गुजरातीतील लाल कापडी वह्या तिला अडगळ वाटतात. एका वहीत त्या वर्षाचे भाव, व्याजाचा दर, हमाली, बैलगाडीचे भाडे, दुष्काळात कोणास किती उधार दिले व त्यातील किती सोडून दिले, हे सर्व असते. १९७२ च्या दुष्काळात घाऊक व्यापाऱ्याने काय केले, याचे उत्तर वादविवादाने मिळणार नाही. ते त्या वर्षाच्या उधारखात्यात लिहिलेले आहे.

यावर जो आक्षेप घेतला जाईल तो आम्हांस ठाऊक आहे. वही म्हणजे घरची अब्रू. ती परक्यास दाखविली तर प्रतिस्पर्ध्यास गिऱ्हाईक कळेल, करखात्यास वाट सापडेल. पहिली भीती रास्त आहे, आणि नावे झाकून आकडे देण्याची पद्धत विद्यापीठांत रूढ आहे. दुसऱ्या भीतीविषयी आम्ही एवढेच म्हणू की, अचौर्य अणुव्रताचे जे पाच अतिचार आपण पाठशाळेत पाठ केले, त्यांत खोटे माप, मालातील भेसळ आणि राज्याच्या नियमांचे उल्लंघन हे तिन्ही स्पष्ट सांगितले आहेत. ज्याने हे सांभाळले त्यास वीस वर्षांपूर्वीची वही दाखविण्यात कसली धास्ती? ज्याने सांभाळले नाही, त्याची अडचण विद्यापीठाने निर्माण केलेली नाही.

आपल्या संघापुढे आमची सूचना साधी आहे. संघाच्या शिष्यवृत्तीतून व्यवस्थापनशास्त्र शिकणाऱ्या मुलामुलींनी सुटीतील कामासाठी केवळ मोठ्या कंपन्यांचीच दारे न ठोठावता, दोन महिने एखाद्या सभासदाच्या पेढीवर बसावे आणि तेथील एक खरे प्रकरण लिहावे. त्यांची राहण्या-जेवणाची सोय त्या पेढीने करावी. चांगली प्रकरणे दरवर्षी याच स्मरणिकेत छापावीत, नफ्याची तशी तोट्याचीही. लेकी-सुनांना यात मागे ठेवू नये. आज अनेक घरांत संगणकावरील हिशेब त्याच पाहतात, आणि पेढीच्या गादीवर त्यांना जागा नसली तरी आकड्यांची खरी जाण त्यांना असते. संघाच्या इमारतीत एक कोरडी खोली जुन्या वह्यांसाठी राखून ठेवावी. त्यासाठी फार मोठा निधी लागणार नाही. लोखंडी कपाटे, कडुनिंबाचा पाला आणि मोडी वाचू शकणारा एक मनुष्य, एवढे पुरे.

आरंभ आम्ही करतो. आमच्या पेढीच्या विक्रम संवत २०१९ पासूनच्या वह्या दुधनी येथे दोन कपाटांत नीट लावून ठेवल्या आहेत. कोणाही अभ्यासकाने विद्यापीठाच्या पत्रासह यावे. अटी दोनच: शेतकऱ्यांची व गिऱ्हाइकांची नावे छापू नयेत, आणि वही वखारीबाहेर नेऊ नये. पावसाळ्यात येणाऱ्यांनी आधी कळवावे, म्हणजे वह्या उन्हात घालून ठेवता येतील. भोजनाची व्यवस्था आमच्याकडे आहे, फक्त ते सूर्यास्तापूर्वी होते.